तोंडी परीक्षा आणि चारोळी

विद्यार्थी तऱ्हेतऱ्हेचे असतात, तेव्हा शिकवणंही तऱ्हेतऱ्हेचं हवं, या विषयावर आमच्या कॉलेजात दिवाळीनंतर कार्यशाळा झाली. व्याख्यान ही पद्धत आता बाद झाली, हे सांगायला आलेल्या तज्ज्ञ पाहुण्यांनी सकाळी माइक हातात घेतला तो संध्याकाळच्या चहालाच खाली ठेवला. समोर आम्ही प्राध्यापक बसलेलो. पुढच्या रांगा झोपेत, मधल्या मोबाइलमध्ये, मागच्या रांगेत शेंगा. तऱ्हा आमच्यातही कमी नव्हत्या, पण त्यांची दखल कुणी घेतली नाही.

मी मूळची धुळ्याची. जळगावच्या या कॉलेजात अर्थशास्त्र शिकवते, तासिका तत्त्वावर. तासिका तत्त्वावरचा प्राध्यापक म्हणजे लग्नघरातला आचारी. सगळे त्याच्या हातचं जेवतात, त्याला पंगतीत बस असं कुणी म्हणत नाही. त्यामुळे मला स्पष्ट बोलायची वाईट खोड लागली आहे. गमवायला फारसं काही नसलं की माणसाची जीभ सैल सुटते.

तर त्या कार्यशाळेतून दोन गोष्टी बाहेर पडल्या. एक, वर्गात स्थानिक उदाहरणं द्या. ही आमच्या विभागप्रमुखांनी उचलली. ते सावद्याचे, घरची केळी. दुसऱ्या दिवसापासून त्यांच्या अर्थशास्त्रात केळीशिवाय काही पिकेना. मागणी केळीची, पुरवठा केळीचा, मक्तेदारी केळीच्या व्यापाऱ्याची. साक्रीकडच्या कोरडवाहू गावातून आलेल्या एका मुलाने मला हळूच विचारलं, ‘मॅडम, बाजरीला पण हेच नियम लागतात का?’

दुसरी गोष्ट, वर्गात प्रश्न विचारा, मुलांना बोलतं करा. ही मी उचलली, आणि तिथूनच माझं घोडं अडलं.

तिसऱ्या वर्षाच्या वर्गात एक मुलगी होती. सातपुड्याच्या पायथ्याची, चोपड्याच्याही पलीकडची. घरी तिची भाषा वेगळी, बाजारात अहिराणी, आणि आमच्याशी पुस्तकी मराठी. ती मराठी ती पाहुण्यांसाठी ठेवलेल्या कपबशीसारखी जपून वापरायची. लिहायची नीट. पण प्रश्न विचारला की उभी राहायची, खाली बघायची, आणि गप्प. मी प्रश्न सोपा करायची, ती आणखी गप्प. कार्यशाळेनंतर मी प्रश्न वाढवले, तर तिने शेवटचा बाक धरला.

प्रमुखांच्या मते यात काही विशेष नव्हतं. त्यांनी तिला ‘मंद गतीचे विद्यार्थी’ या गटात टाकलं आणि तिच्यासाठी जादा तास लावले. जादा तास म्हणजे तेच व्याख्यान, फक्त मोठ्या आवाजात. पालथ्या घड्यावर पाणी घालायचं, तर निदान घडा पालथा का पडलाय ते तरी बघावं. पण कॉलेज तपासायला येणाऱ्या समितीला दाखवायला जादा तासांचे फोटो लागतात आणि पालथ्या घड्याचा फोटो चांगला येत नाही.

हे सगळं गमतीवारी नेता आलं असतं, पण एक अडचण होती. तिसऱ्या वर्षाला प्रकल्प असतो, आणि प्रकल्पाची तोंडी परीक्षा. त्यात वेगळं पास व्हावं लागतं. आधीच्या सत्राच्या तोंडीत ती अशीच उभी राहून नापास झाली होती. या वेळीही नापास झाली तर वर्ष जाणार, वर्ष गेलं की सरकारी वसतिगृहातली खाट जाणार. आणि खाट गेली की दिवाळीनंतर गावातून ऊसतोडीची टोळी निघते तिच्यात तिची जागा होतीच. हे तिने मला सांगितलं नव्हतं. तिच्या खोलीतल्या मुलीने सांगितलं आणि वर म्हणाली, ‘मॅडम, तिला रागावू नका, ती रडत पण नाही.’

जानेवारीत राष्ट्रीय सेवा योजनेचं शिबिर तिच्याच गावाजवळ होतं. जायला कुणी तयार नव्हतं, म्हणजे मीच जाणार हे ठरलेलं. धुळ्याच्या बाईला डोंगराची पायवाट म्हणजे संकट. पहिल्याच सकाळी मी एका ओढ्यापाशी अडकले. कुठे पाय ठेवायचा, कुठलं पाणी प्यायचं, हाताला खाज सुटली ती कशाने, मला काहीच कळत नव्हतं. ती पुढे होती. मी ओरडून विचारत होते आणि ती मागे वळून सांगत होती. ‘त्या दगडावर नका, शेवाळ शे. याच्यावर. हात चोळू नका, खाजकुइली लागली.’ मग मी विचारत सुटले. हे झाड कशाचं, त्याचं काय करतात, बाजार कधी भरतो, कोण विकतं, बायका की पुरुष? ही पोरगी दुपारपर्यंत बोलत होती. मीच शेवटी दमले.

भाकरी खाताना मी न राहवून विचारलं, ‘अगं, एवढी बोलतेस, मग वर्गात दातखीळ का बसते?’

ती म्हणाली, ‘इथे तुम्हाला माहीत नव्हतं ना, मॅडम. वर्गात तुम्हाला माहीत असतं, तरी तुम्ही विचारता.’

‘मग?’

‘आमच्याकडे तसं फक्त फॉरेस्टवाला विचारतो. मोळीजवळ उभा राहतो आणि विचारतो, हे लाकूड कुठून आणलं? त्याला माहीत असतं. काही पण सांगितलं तरी चूकच निघतं. आई म्हणायची, माहीत असून विचारणारा आला की बोलायचं नाही.’

मी हातातली भाकरी खाली ठेवली. पहिलीपासून आजवर आम्ही सगळ्या शिकवणाऱ्यांनी या पोरीच्या बाबतीत एकच काम केलं होतं, मोळीजवळ उभं राहायचं. आणि पुन्हा आम्हीच म्हणणार, पोरगी मंद आहे. मला प्रमुखांचा राग आला, त्या तज्ज्ञ पाहुण्यांचा आला, आणि पाठ्यपुस्तकात प्रत्येक धड्याखाली ‘थोडक्यात उत्तरे द्या’ लिहिणाऱ्याचा तर फारच आला.

परत आल्यावर मी वर्गात मला खरोखर माहीत नसलेलं विचारायला लागले. हे वाटतं तेवढं सोपं नाही. प्राध्यापकाला ‘माहीत नाही’ असं म्हणायची सवय नसते. पण विचारलं. तुमच्या गावात मजुरी कधी चढते? बोदवडच्या गाडीत सकाळी फळं विकणाऱ्या बाईकडून संध्याकाळी तीच फळं स्वस्त का मिळतात? केळीची गाडी उशिरा लागली तर भाव कोण पाडतं? वर्गाला तोंड फुटलं. सावद्याची मुलं एकमेकांच्या बापांचे भाव काढायला लागली, साक्रीचा बाजरीवाला त्यांच्यावर तुटून पडला. ती मुलगीही शेवटच्या बाकावरून मधेच दोन वाक्यं टाकू लागली. एकदा प्रमुख दारात येऊन म्हणाले, ‘मॅडम, इथे काय बाजार भरलाय का?’

मी म्हटलं, ‘हो सर, अर्थशास्त्र आहे ना.’

पण तोंडी परीक्षा माझी नव्हती. बाहेरचे परीक्षक येणार होते. म्हणून मी तिचा सराव घ्यायला बसले. प्रकल्प तिच्या गावच्या आठवडी बाजारातल्या वनोपजाचा, तिने स्वतः फिरून केलेला. बाकी अर्ध्या वर्गाचे प्रकल्प एकाच झेरॉक्सच्या दुकानात जन्मलेले. मी परीक्षकांसारखा चेहरा करून विचारलं, ‘पुरवठ्याची लवचिकता म्हणजे काय?’ भाव हलला की बाजारात येणारा माल किती हलतो, एवढंच ते, आणि तिच्या प्रकल्पात पानोपानी होतं. ती टेबलाकडे बघायला लागली. पुन्हा विचारलं, पुन्हा टेबल. मी वैतागले. ‘अगं, मी काय फॉरेस्टवाली आहे का?’

‘नाही मॅडम,’ ती म्हणाली, ‘पण प्रश्न तसाच आहे.’

त्या दिवशीचा सराव तिथेच संपला.

परीक्षा एप्रिलच्या शेवटी लागली. बाहेरच्या परीक्षकांना जेवू घालायचं ही आमच्याकडची खरी परीक्षापद्धती. नियमात कुठे नाही, पण नियम मोडला तरी चालेल, जेवण चुकायला नको. प्रमुखांच्या घरून वरण-बट्टी आली, घोटलेली वांग्याची भाजी आली, आणि बट्टीवर तूप असं की बट्टी शोधावी लागावी. परीक्षक पोक्त, भरदार, अमळनेरकडचे. उभं आयुष्य तोंडी परीक्षा घेण्यात गेलेले. त्यांचं पान वाढायच्या आधी मी त्यांना बाजूला घेऊन त्या मुलीचं सांगायचा प्रयत्न केला. ते म्हणाले, ‘मॅडम, प्रश्न म्हणजे प्रश्न. ज्याला येतं तो सांगतो.’ आणि हात धुवायला गेले.

जेवणानंतर प्रमुख ‘जरा घरी जाऊन येतो’ म्हणून झोपायला गेले. अंतर्गत परीक्षक म्हणून नाव त्यांचं, खुर्चीत मी. कूलर नुसती उष्ण हवा फेकत होता. परीक्षक प्रत्येकाला तोच प्रश्न विचारत होते, ‘पुरवठ्याची लवचिकता म्हणजे काय, प्रकार सांग.’ मुलं पाठ केलेलं म्हणत होती, परीक्षकांचे डोळे मिटत होते, व्याख्या संपली की पेन चालत होतं. वरण-बट्टी पोटात गेलेल्या माणसाला याहून जास्त जमत नाही.

तिचा नंबर आला. ती उभी राहिली आणि मला दरदरून घाम फुटला. माझं लग्न ठरत होतं तेव्हासुद्धा एवढा फुटला नव्हता. परीक्षकांनी प्रकल्पाचं पहिलं पान उघडलं आणि त्यांचा हात थांबला. डोळे उघडले.

‘चारोळी?’ ते म्हणाले. ‘तुमच्याकडे चारोळी होते?’

‘हो सर.’

‘मग मला एक सांग. आखाजीच्या सणाला पोरगी आणि जावई येताहेत. मागच्या वेळी श्रीखंडात चारोळी खवट निघाली, जावई काही बोलला नाही, पण घरच्या बाई अजून बोलताहेत. दुकानात उभं राहून चांगली कशी ओळखायची?’

हा माणूस त्या दिवशी पहिल्यांदा काहीतरी खरं विचारत होता.

ती म्हणाली, ‘दुकानात नाही ओळखू येत सर, जुनी-नवी एकत्र करतात. दाणा चावून बघायचा. पण तुम्ही दुकानातून घेताच कशाला?’ आणि सुटली. चारोळीचं फळ कधी पिकतं, त्याची बी फोडताना किती बोटं ठेचतात, बायका पहिल्या बाजाराला सगळी का नेत नाहीत, व्यापारी कुठल्या दिवशी भावात नडतो, घरात तेल-मीठ संपलं की त्याला कसं कळतं. परीक्षक एकामागून एक विचारत होते. झोप पार उडाली होती. बाहेर थांबलेली मुलं दारातून डोकावू लागली.

आणि मग त्यांना एकदम आठवलं की आपण परीक्षक आहोत. त्यांनी घसा साफ केला, ताठ बसले. ‘बरं. आता पुरवठ्याची लवचिकता सांग. प्रकार सांग.’

ती थांबली. मान खाली गेली. मी टेबलाखाली पदराचं टोक पिळत होते. संपलं, मला वाटलं. खाट गेली.

पण तिने मान वर केली. त्यांच्याकडे सरळ बघितलं आणि विचारलंच. ‘तुमले माहीत शे ना, सर?’

असा प्रश्न त्या खुर्चीतल्या माणसाला कुणी केला नसावा. ते रागावतील म्हणून मी तोंड उघडलं. पण ते माझ्याकडे बघतच नव्हते. ते कूलरकडे बघत होते. ओठ हलले, बोटांवर काहीतरी मोजायला घेतलं, मधेच थांबले. मग पोट हलवत हसायला लागले. हसता हसता कॉलेजातली मराठी कुठच्या कुठे गेली.

‘खरं सांगू का पोरी? माले बी नीट याद नई शे. बठ्ठं आयुष्य मी इचारी ऱ्हायनू. माले कोनी इचारंच नई.’

त्यांनी पेन उचललं, तिच्या नावापुढे गुण लिहिले आणि सहीसाठी कागद माझ्याकडे सरकवला. ती पास होती. चांगली पास होती. मी सही केली ती वाकडी आली. डोळे भरून आले होते, दुसरं काय.

‘परीक्षा झाली तुझी,’ परीक्षक तिला म्हणाले. त्यांनी चष्मा काढला आणि जरा पुढे वाकले. ‘आता मला सांग तरी, काय असतं ते लवचिकता का काय?’

ती दोन पावलं पुढे आली. समोरची रिकामी खुर्ची ओढली आणि तिच्यावर नीट बसली.

‘घाबरू नका सर,’ ती म्हणाली. ‘सोपं शे.’