बाळांच्या वॉर्डातला ‘का?’

बावीस वर्षं बाळंतिणींच्या वॉर्डात नर्स म्हणून काढल्यावर माझ्याकडे दोन गोष्टी साठल्यात. पायातल्या फुगलेल्या शिरा आणि किस्से. शिरांसाठी डॉक्टरांनी घट्ट मोजे दिलेत. किस्से मात्र सांगूनच मोकळं व्हावं लागतं!

सुरुवात केतकी मॅडमपासून करते. आमच्या नवी मुंबईच्या हॉस्पिटलात त्या बाळांच्या डॉक्टर म्हणून आल्या आणि पहिल्याच मीटिंगला म्हणाल्या, “आपण वॉर्डात जे जे करतो ते का करतो, हे स्वतःला विचारायचं. ‘आधीपासून करतो’ हे उत्तर चालणार नाही. पुरावा पाहिजे.”

आमच्या इन्चार्ज म्हात्रे सिस्टर करावे गावच्या, रिटायरमेंटला आलेल्या. त्यांनी हात वर केला.

“मॅडम, माजं लगीन बी ‘आधीपासून करतात’ म्हनूनच झालंय. त्याचा पुरावा आता कुटं शोधू?”

मॅडम इतक्या हसल्या की मीटिंग तिथंच संपली.

*

पण म्हात्रे सिस्टर नुसत्या हसण्यावारी नेणाऱ्या नव्हत्या. बाळाच्या नाळेला पावडर लावायची आमची जुनी पद्धत. मॅडम म्हणाल्या, काही लावू नका, नाळ कोरडी आणि स्वच्छ ठेवा, आपोआप पडते. सिस्टरना पटेना. वाद घातला नाही, वही आणली. बाळं घरी गेली की आयांना फोन करायच्या, “नाळ पडली का गं? लाल नाय ना झाली?”

एकदा फोन सासूनं उचलला. “आमची नाळ तुम्हाला कशाला पाहिजे? आता ओटीपी पण मागाल!”

महिनाभरानं वही मिटून सिस्टर मॅडमकडे गेल्या. “बरोबर हाय तुमचं. सगल्यांच्या पडल्या.” मग म्हणाल्या, “मंग इतकी वर्सं मी लावली ती?”

मॅडमनी त्यांना खुर्ची दिली. “तेव्हा जे माहीत होतं ते तुम्ही मायेनं केलंत, सिस्टर. आता वेगळं माहीत झालंय. एवढंच.”

पावडरचा डबा सिस्टरनी स्वतः नेऊन टाकला.

*

काचेच्या खोलीत, नाजूक बाळांकडे जाताना घड्याळ-अंगठी काढून हात धुवायचे, हा नियम. दारावर आमची सुनंदामावशी. सातवी शिकलेली. एक दिवस बाहेरून मोठे सर्जन आले, तडक आत निघाले. मावशी आडवी आली.

“साहेब, अंगठी.”

“मला ओळखलं नाहीस वाटतं?”

“मी ओळखलं की, साहेब. पण जंतू कुठं ओळखतात?”

साहेबांनी अंगठी ओढली, निघेना. लग्नातली होती, बोट जाड झालेलं. मावशीनं साबण लावून हळूहळू फिरवत काढली आणि ते बाहेर येईपर्यंत मुठीत धरून उभी राहिली. परत घेताना साहेब बोटावरचा पांढरा वळ बघत म्हणाले, “ही आहे हे विसरलोच होतो.” तिथूनच त्यांनी बायकोला फोन लावला!

*

आता माझी फजिती. नवजात बाळाला मध चाटवू नका, हे मी दिवसातून दहा वेळा सांगते. माझ्याच भावाला मुलगी झाली, तर आई मधाची बाटली घेऊन हजर.

“आई, नाही चाटवायचा. बाळाला त्रास होऊ शकतो.”

“तुला चाटवला होता. वाणी गोड होते म्हणून.”

मी चिडले. मोठ्यानं म्हटलं, “एकदा सांगितलेलं कळत नाही का तुला?”

आईनं शांतपणे बाटलीचं झाकण लावलं. “बरोबर आहे तुझं. मधानं वाणी गोड होत नाही.”

*

एक गोष्ट हळू आवाजात सांगायची आहे. एका बाईचं बाळ पोटातच गेलं. पूर्वी असं झालं की आम्ही बाळ आईला न दाखवताच न्यायचो. बघितलं नाही की लवकर विसरेल, असं समजायचो. मॅडम म्हणाल्या, “आपण ठरवायचं नाही. तिला विचारा.”

म्हात्रे सिस्टरनी विचारलं. ती म्हणाली, “द्या.”

सिस्टरनी बाळाला पुसलं, टोपडं घातलं, दुपट्यात गुंडाळून दिलं. बाईनं बराच वेळ त्याची बोटं हातात धरली. नाव घेऊन हाक मारली.

आम्ही पडद्याबाहेर उभ्या होतो. सिस्टर भिंतीकडे बघत म्हणाल्या, “माज्या येलेला कुनी इचारलं नवतं गं.”

इतकी वर्षं एकत्र चहा प्यायलो, मला माहीतच नव्हतं.

*

आणि हा किस्सा आनंदाचा. आनंदा हे त्याचं नाव. पाटणकडचा, एपीएमसी मार्केटात पोती वाहणारा. बायकोचं बीपी वाढल्यानं बाळ फार लवकर काढावं लागलं. पोरगी सव्वा किलोची, बायको आयसीयूत. मॅडम त्याला म्हणाल्या, “आई बरी होईपर्यंत बाळाला तुमच्या उघड्या छातीशी धरायचं. ऊब मिळते, श्वास नीट चालतो, वजन वाढतं. हे सिद्ध झालंय.”

तो दोन पावलं मागं सरला. “मॅडम, माज्या अंगाला कांद्याचा वास येतो वो.”

“अंघोळ करून या. थोडा राहिला तर राहू दे,” मी म्हटलं. “तिला अजून कांदा माहीत नाही.”

छातीवर बाळ ठेवून कापडानं बांधलं, तेव्हा एवढा मोठा माणूस घामानं निथळला. “पाठीवर कितीबी वजन घेतो मी. पुढं कधी घेतलं न्हाई.”

पहिल्या दिवशी तो हललाच नाही. पाणी दिलं, तर मान न वळवता स्ट्रॉनं प्यायला. पुढं आठवड्यांमागून आठवडे आला. बायको सावरून वॉर्डात आली, मग ती आणि तो आळीपाळीनं बसायचे. पोरीनं बाळसं धरलं. घरी जाताना मॅडमनी बजावलं, “घरीसुद्धा चालू ठेवा हं.”

काही महिन्यांनी लसीच्या दिवशी ते तिघं ओपीडीत आले. पोरगी आता चांगली गुटगुटीत, गालावर खळी. आनंदा खुर्चीत बसला, शर्टाची बटणं भराभर काढली, तिचं झबलं काढलं आणि तिला छातीशी धरलं. तिनं गाल टेकला आणि लगेच डोळे मिटले. शेजारी बायको पदर तोंडाला लावून हसत होती.

मॅडम बघतच राहिल्या. “अहो, अजून?”

आनंदा गोंधळला. आमच्या दोघींकडे बघत, हळूच, पोरगी उठू नये अशा आवाजात म्हणाला,

“थांबवायचं कवा, ते कुनी सांगितलंच न्हाई, मॅडम.”