बीडचं मुखपृष्ठ

गणपती बसले त्या आठवड्यातल्या रविवारी तुम्ही तिघं नातवंडं एकाच वेळी व्हिडिओ कॉलवर आलात आणि आरती झाल्यावर आपापलं पुस्तक कॅमेऱ्यासमोर धरलंत. मला वाटलं, तीन वेगळी पुस्तकं आहेत. इंग्लंडमधल्या थोरलीच्या पुस्तकावर गडद निळ्या रंगात रुपेरी दोरीची एक गाठ होती, बाकी काही नाही. अमेरिकेतल्या मधल्याच्या पुस्तकावर एका मुलीचा चेहरा, इतका मोठा की हनुवटी पानाबाहेर गेलेली. जर्मनीतल्या धाकट्याच्या पुस्तकावर माणूसच नव्हता. नदीकाठचं मनोऱ्यांचं शहर आणि वर ढग. पुस्तक एकच आहे हे तुम्ही तिघांनी एकदम बोलून समजावलंत, त्यामुळे मला काहीच समजलं नाही. शेवटी मी ते मागवून घेतलं आणि स्वतः वाचलं.

पुढे जे झालं ते थोरलीला सगळं माहीत आहे, तुम्हा दोघांना तुकड्यातुकड्यानं. म्हणून लिहून ठेवते आहे. तिला आधी विचारलं. ती म्हणाली, "लिही आजी, पण मला बिचारी करू नकोस." तेव्हा बिचारी म्हणून वाचू नका.

पुस्तक तुम्हाला पाठ आहे, तरी माझ्या समाधानासाठी दोन ओळींत सांगते. नावाड्याची एक मुलगी आहे. तिला धुक्याला दोरीनं बांधता येतं. राजाच्या शिपायांपासून नावा लपवायच्या असल्या की ती नदीवर धुकं बांधून ठेवते. माझ्या वयाच्या बाईनं अशा गोष्टी वाचाव्यात का, असं आजोबा म्हणाले, पण रात्रीचं जेवण दोनदा उशिरा झालं ते त्या पुस्तकामुळेच.

थोरलीच्या शाळेत दिवाळीनंतर वाचनाचा एक कार्यक्रम होता. मुलांनी आवडत्या पुस्तकातलं एक पात्र होऊन यायचं आणि वर्गासमोर बोलायचं. तिनं अर्थातच नावाड्याची मुलगी व्हायचं ठरवलं. तेवढ्यात पुस्तकाचा दुसरा भाग आला आणि त्याच्याबरोबर पहिल्या भागालाही तिकडे नवं मुखपृष्ठ मिळालं. निळी गाठ गेली. अमेरिकेतला तो चेहरा आला, गोरा, राखाडी डोळ्यांचा. वर्गातल्या एका मैत्रिणीनं नवी प्रत बाकावर ठेवली आणि म्हणाली, "पण ही तर तुझ्यासारखी दिसत नाही." मैत्रिणीच्या मनात काही वाईट नव्हतं, हे थोरलीनंच मला दोनदा सांगितलं. पण दुसऱ्या दिवशी तिनं शिक्षिकेला सांगून पात्र बदलून घेतलं. आता ती घाटावरची म्हातारी होणार होती. पुस्तकात त्या म्हातारीचा चेहरा कुणालाच कधी दिसत नाही.

"ती सोपी आहे आजी," ती कॉलवर म्हणाली. "नुसती शाल पांघरायची डोक्यावरून."

मी "बरं" म्हणाले. इतकी वर्षं शाळेत मुलांना शिकवल्यावर एवढं कळतं, की मूल "सोपं आहे" म्हणालं की लगेच खोदायचं नसतं.

फोन ठेवल्यावर मी पुस्तक पुन्हा उघडलं. तिसऱ्याच पानावर लेखिकेनं स्पष्ट लिहिलं आहे, की पूर ओसरल्यावर काठावर उरलेल्या गाळासारखा त्या मुलीचा रंग होता. पहिल्यांदा वाचताना मी या वाक्यावरून सहज पुढे गेले होते, कारण मला त्यात नवल काहीच वाटलं नव्हतं. उन्हाळ्यात तलाव आटले की आपल्याकडे ट्रॅक्टरनं गाळ काढून रानात टाकतात. ओला असतो तोवर काळपट, मग हळूहळू तांबूस होत जातो. लेखिकेनं कुठली नदी पाहिली होती कोण जाणे. मी वाचताना मनात बीडमधल्याच पोरी पाहिल्या होत्या, आणि आपली थोरली.

मग माझ्या स्वभावाप्रमाणे मी सगळं नीट मांडायला घेतलं. तुम्हा दोघांकडून फोटो मागवले, बाकीच्या देशांची मुखपृष्ठं इंटरनेटवर शोधली, छापून आणली आणि जेवणाच्या टेबलावर रांगेत ठेवली. इंग्लंडचं जुनं, इंग्लंडचं नवं, अमेरिकेचं, जर्मनीचं. जपानच्या मुखपृष्ठावर सगळी मंडळी होती, नावाडी, शिपाई, अगदी कुत्रासुद्धा, आणि सगळ्यांचे डोळे सारखेच मोठे. फ्रान्सच्या मुखपृष्ठावर फक्त दोरी ओढणारा एक हात होता. तो हात मात्र सावळा होता. मी भिंग घेऊन पाहिला. छपाईचा दोष नव्हता, कुणीतरी वाक्य वाचून काढलेला हात होता.

एका दृष्टीनं यात गैर काही नाही, असं मी तेव्हा स्वतःला सांगत होते. प्रत्येक देशाला दुकानात आपलं पुस्तक कसं दिसावं याची सवय असते. एकाला कोडं आवडतं, एकाला शहर, एकाला गर्दी, एकाला चेहरा. गाठ किंवा शहर काढणाऱ्यानं मुलीबद्दल काहीच म्हटलेलं नव्हतं, त्यामुळे तिथे वाचणाऱ्याला जागा होती. चेहरा काढणाऱ्यानं ती जागा भरून टाकली होती, आणि भरताना तिसरं पान वाचलं नव्हतं.

आजोबा वर्तमानपत्र घेऊन टेबलाशी आले तर त्यांना ताट ठेवायला जागा नव्हती.

"अगं, पुस्तक त्यांचं, चित्रं त्यांची. तू इथं बसून काय करणार?"

"बघणार."

"आणि बघून?"

"ते बघून झाल्यावर ठरवीन."

त्यांनी एकेक चित्र उचलून पाहिलं. मग म्हणाले, "बसस्टँडच्या रस्त्यावर तुझा तो फ्लेक्सवाला आहे ना? रोज कुणाला ना कुणाला वाघाशेजारी बसवतो. आपल्या पोरीला नावेत बसवेल की."

मी ते चेष्टेवारी नेलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी छापलेली चित्रं आणि पुस्तक पिशवीत घातलं, फोनमध्ये थोरलीचा एक फोटो शोधून ठेवला आणि रिक्षानं गेले. फोटो लिंबागणेशला देवळाबाहेर काढलेला होता. ऊन डोळ्यांवर आल्यामुळे ती कपाळाला आठ्या घालून उभी होती, आणि शिपायांकडे असंच पाहायला हवं असं मला वाटलं.

फ्लेक्सवाला माझा जुना विद्यार्थी, चौसाळ्याचा. आता त्याचंच पोरगं दहावीला आहे. दुकानात सगळीकडे वाढदिवसाचे फ्लेक्स. मधे मोठा सत्कारमूर्ती, वर नेते, खाली गोलागोलांत शुभेच्छुक.

"या बाई, बसा. कुणाचा वाढदिवस?"

"वाढदिवस नाही रे. पुस्तकाचं कव्हर करायचंय, नातीसाठी."

"करू की. पोरगी मधी, नाव वर. आन् खाली शुभेच्छुक कोण कोण टाकू?"

"कुणी नाही."

"आसं कसं? लोकं म्हणतेल बाईच्या नातीला कुणी न्हाई. आजोबाचा तरी एक गोल टाकतो."

"पुस्तकावर शुभेच्छुक नसतात."

त्यानं मी नेलेलं अमेरिकेचं मुखपृष्ठ हातात घेतलं. "मंग हे खाली बारीक बारीक काय लिवलंय?"

मी वाचून सांगितलं. दुसऱ्या लेखकांनी पुस्तकाची केलेली स्तुती, खाली त्यांची नावं.

"म्हंजी शुभेच्छुकच की," तो म्हणाला. "आन् सगळ्यात मोठं नाव लेखिकेचं. वाढदिवस तिचा हाय."

मला हसू आलं. तोही हसला आणि कामाला लागला. हात चांगला आहे त्याचा. थोरलीला देवळाच्या पायऱ्यांवरून अलगद उचलून त्यानं नावेत उभं केलं, मागे नदी आणली, पांढरं धुकं पसरलं. मी कौतुकानं बघत होते. मग त्यानं माऊस तिच्या चेहऱ्यावरून फिरवला. पाहुणा बसायच्या आधी आपण चादरीची सुरकुती काढतो, तितक्या सहज. चेहरा एकदम उजळला. आठ्या त्याच, नाक तेच, पण मुलगी अमेरिकेच्या मुखपृष्ठावरचीच झाली.

"हे काय केलंस?"

"काय बाई?"

"चेहऱ्याला काय केलंस?"

"काय न्हाई, जरा साफ केला. उन्हानं काळवंडला व्हता."

"ते ऊन नाही. तो तिचा रंग आहे."

तो माझ्याकडे वळला. "बाई, सगळ्यांचंच करतो. न्हाई केलं तर गिऱ्हाईक वापस आणून देतंय, म्हणतंय आमच्या माणसाला काळं केलं. मागं एका पुढाऱ्याचं जरा कमी झालं तर त्याचा भाचा भांडायला आलता."

"हिचं नको करू."

"कावून? लई गोड दिसायली की पोरगी."

मी पुस्तक उघडून तिसऱ्या पानावरचं ते वाक्य मराठीत करून सांगितलं. त्यानं ते मन लावून ऐकलं.

"गाळ वला का वाळल्याला?"

"पाणी नुकतंच ओसरलंय."

"मंग वलाच." त्यानं चेहरा होता तसा आणला. पण आता मागचं पांढरं धुकं डोळ्यांत भरत होतं आणि चेहरा त्यात बुडाला. त्यानं मान हलवली. "बघा, दबला. ह्याच्यापायी तर उजळावं लागतंय."

"मग धुकं कमी कर. संध्याकाळ कर."

"सगळंच बदलावं लागंल बाई."

"बदल."

एक माणूस साहेबांचा फ्लेक्स न्यायला येऊन ताटकळत उभा होता. "बाईचं झालं का? आमचं चौकात लावायचंय," असं तो दोनदा म्हणाला. माझ्या विद्यार्थ्यानं त्याला चहा सांगितला आणि धुकं राखाडी केलं, नदी काळसर केली, नावेत एक कंदील ठेवला. कंदिलाचा उजेड चेहऱ्यावर एका बाजूनं आला तेव्हा मुलगी वर आली. तो माणूससुद्धा चहाचा कप घेऊन वाकून बघायला लागला. "कोणत्या पिक्चरचंय?" त्यानं विचारलं.

घरी येऊन मी आजोबांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "तुझा फोटो आठवतो का, स्थळ म्हणून आमच्याकडे आलेला?"

तुम्हाला हे कधी सांगितलेलं नाही. तेव्हा फोटो स्टुडिओत काढायचे आणि मुलीचा फोटो लग्नासाठी असेल तर फोटोग्राफर न विचारता चेहरा उजळून द्यायचा. माझ्या वडिलांनी त्याला ते करायला सांगितलं नव्हतं. करू नको असंही सांगितलं नव्हतं.

"मी फोटो बघून आलो," आजोबा म्हणाले, "आणि दुसरीच मुलगी पोहे घेऊन बाहेर आली."

"मग परत का नाही गेलात?"

"पोहे चांगले होते."

आम्ही हसलो, पण त्या रात्री मला ते मुखपृष्ठ पाठवताना जरा वेगळंच वाटत होतं. टेबलावर परदेशातली चित्रं मांडून मी त्यांना मार्क देत बसले होते, आणि तेच काम आपल्या बसस्टँडच्या रस्त्यावर रोज होत होतं, तेही न मागता आणि मनापासून.

थोरलीचं उत्तर आलं, एक हृदय आणि "थँक यू आजी". एवढंच. दुसऱ्या दिवशी तिनं फोन केला.

"आजी, खूप छान आहे. पण मी ते शाळेत नेलं तर सगळ्यांना वाटेल, आजीनं लाडानं फोटो चिकटवून दिला."

"तेही खरंच आहे."

"कसं केलंस ते?"

मी सांगायला लागले. शुभेच्छुकांवर ती हसली. चेहऱ्याचं मी सांगणार नव्हते, पण कंदील कुठून आला हे सांगताना तेही आलंच.

"आजी, मला तोपण पाठव. आधीचा."

"तो कशाला? तो चुकला होता."

"म्हणूनच. आणि टेबलावरचे बाकीचेपण."

मी लगेच हो म्हणाले नाही. आपल्या गावाची तिच्या वर्गात ओळख व्हायची ती अशी व्हावी, हे मला रुचत नव्हतं. मी आजोबांकडे पाहिलं.

"खोटं आहे का?" ते म्हणाले.

फ्लेक्सवाल्यानं पहिली प्रत पुसलेली नव्हती. "ठेवतोच बाई, गिऱ्हाईकाचा भरवसा न्हाई," म्हणून त्यानं ती पाठवली. मी सगळी चित्रं ओळीनं लावून थोरलीला पाठवली, बीडची दोन्ही शेवटी. ती काय होऊन जाणार हे मी विचारलं नाही आणि तिनं सांगितलं नाही.

कार्यक्रमाचा व्हिडिओ तिच्या आईनं पाठवला. आम्ही दोघांनी तो चष्मे लावून, फोन साखरेच्या डब्याला टेकवून पाहिला. थोरली शाल घेऊन आली नव्हती. मागे फळ्यावर चित्रांची रांग होती. सुरुवातीला आवाज इतका बारीक होता की आजोबांनी फोन कानाला लावला. एकेका देशाचं सांगत ती शेवटच्या दोन चित्रांपाशी आली आणि इंग्रजीत म्हणाली, ही माझ्या आजीच्या गावातली आहेत. पहिल्यात मला गोरं केलंय. ज्यानं केलं त्याला वाटलं, तो माझ्यावर उपकार करतोय. मग तिनं नव्या इंग्लिश मुखपृष्ठाकडे बोट दाखवलं. "कदाचित यांनाही तसंच वाटलं असेल."

"मग तुला राग नाही आला?" कुणीतरी विचारलं. ती नव्या प्रतीवाली मैत्रीणच असावी.

"आला," थोरली म्हणाली. "अजून आहे."

आणि तिनं पुस्तक उघडून तिसरं पान वाचायला घेतलं. गाळाचं वाक्य वाचून झालं. शिक्षिकेनं वेळ संपल्याची खूण केली. थोरलीनं ती पाहिली, पान उलटलं आणि पुढे वाचत राहिली. व्हिडिओ तिथेच संपतो.