गव्याला वाट मागितली तो दिवस

माझे वडील, म्हणजे आमचे आबा, वाशीच्या मार्केटात माथाडी होते. पोती वाहून वाहून पाठ कामातून गेली, तेव्हा डॉक्टरांनी ओझं कायमचं बंद सांगितलं. आबांनी स्वतःशीच शर्त लावली. सानपाड्याहून साताऱ्याकडच्या आमच्या गावी सायकलने जायचं. वाटेतला आंबेनळी घाट सायकल न ढकलता चढलो तर पुन्हा कामावर, नाहीतर हमाली सोडली.

मीही ऑफिसात रजा टाकली आणि सायकल काढली. नव्वदच्या दशकात बावीस वर्षांची मुलगी बापाबरोबर घाट चढायला निघाली म्हणून सोसायटीत पुष्कळ चर्चा झाली. आई एवढंच म्हणाली, "एका माळेचे मणी. जा!" खरं सांगते, आबांनी हरावं असंच मला वाटत होतं. पण हरताना ते एकटे असू नयेत, असंही वाटत होतं.

चौथ्या दिवशी अर्ध्या घाटात त्यांच्या पाठीत उसण भरली. एका वाडीत मध काढणाऱ्या काकांनी आम्हाला ओसरीवर जागा दिली. मी जाहीर केलं, "उद्या सुट्टी. नाहीतर मी इथूनच एसटीनं परत जाते."

आबांना सुट्टी कशाशी खातात हे माहीत नव्हतं. सकाळी आठच्या आत त्यांनी दोन्ही सायकलींच्या चेनला तेल घातलं, वर काकांचं अंगणही झाडून ठेवलं. काकांनाच दया आली. "चला, शेकरू दाखवतो," ते म्हणाले. "फक्त तोंड बंद ठेवायचं."

तासभर चालल्यावर एका उंच झाडावर ते दिसलं. तांबूस अंग, अंगापेक्षा लांब शेपूट. फळ कुरतडून सालं खाली टाकत होतं. आबांची मान वर होईना, म्हणून ते सरळ पाचोळ्यावर उताणे झोपले. "एवढं खातंय, तरी फांदी वाकंना," ते कुजबुजले. वजनाची पारख काही सुटत नव्हती. त्यांना इतकं खुशीत मी कित्येक महिन्यांत पाहिलं नव्हतं.

परतताना काकांनी अचानक हात वर केला. पायवाटेवर गवा उभा होता. काळाकभिन्न, एकटा, आमच्यापासून वीसेक पावलांवर. आम्ही तिघंही थिजलो. पण वाट अडलेली दिसली की आबांच्या तोंडून काय निघतं हे मार्केटातल्या कुणीही सांगितलं असतं. ते खणखणीत ओरडले, "ए बाजू! बाजूऽऽ!"

गव्याने मान उचलली, फुरफुरला आणि दोन पावलं पुढे आला. काकांनी मला खेचून शेजारच्या दरडीवर घेतलं. आबांनीही पाय उचलला, पण पाठ धरली आणि ते तिथेच अर्धवट वाकून राहिले. मी विचार केला नाही. उडी मारून त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले. "हलू नका," एवढंच मी म्हणाले. गव्याने बराच वेळ आमच्याकडे पाहिलं, मग वळून रानात उतरला.

काकांनी आबांना मनसोक्त शिव्या घातल्या. आबा एरवी एकाच्या दोन परत करणारे, पण त्या दिवशी मान खाली घालून ऐकत राहिले. संध्याकाळी मी त्यांच्या पाठीला बाम चोळला.

दुसऱ्या दिवशी उजाडताच निघालो. दर वळणावर थांबत होतो. पण आबांनी सायकल एकदाही ढकलली नाही. ते जितके वर चढत होते, तितका माझा जीव खाली जात होता. महाबळेश्वरच्या अलीकडे, घाट संपला तिथल्या चहाच्या टपरीपाशी ते उतरले.

"शर्त जिंकलो," ते म्हणाले.

माझा पारा चढला. "जिंकलात ना? मग जा, घ्या पोतं पाठीवर! मरा तिकडं!"

"न्हाई जायाचं आता. परवाच्याला तू माज्याम्होरं हुबी ऱ्हायलीस. खरं तर म्या तुज्याम्होरं ऱ्हायचं. पन ही पाठच हलंना."

"आबा, अहो, परवा नाही, कालची गोष्ट ती! आणि ठरलं होतं तर कालच सांगायचं. एवढा घाट कशाला चढलो?"

आबांनी चहा बशीत ओतला.

"हरून सोडायचं नव्हतं, पोरी."