पाणी समजून सोडलेलं

२०१२ साली मी एकाहत्तर वर्षांचा होतो. शेजारची पोरगी शहरात प्रोटीनच्या स्फटिकांवर संशोधन करायची. दिवाळीला घरी आली तरी लॅपटॉपपुढे नखं खात, त्या स्फटिकातल्या अणूंचं एकच चित्र दहादा पाहत बसायची. त्या दिवशी ती पांढरीफटक पडली होती.

"आबाजी, या चित्रातला हा ऑक्सिजनचा ठिपका प्रोटीनच्या अमिनो आम्लालेच चिकटून आहे. मी सुटं पाणी समजली. आमच्या शोधनिबंधात तसंच छापून गेलं. आता सरले सांगा लागते."

"कायले सांगतं? कोणाले दिसते?"

"मले दिसून राहिलं ना!"

तिनं लगेच सरांना चूक लिहून पाठवली.

मला माझी पाळ आठवली. गावच्या तलावाचा तो मातीचा बांध मीच उभा केलेला. त्याच्या पायथ्याची ओल मी दव म्हणून सोडली होती, आणि खाली अख्खी वस्ती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्या वस्तीत दारोदारी जाऊन सांगितलं, "माझी पाळ झिरपून राहिली."