सिंहाशी लढणाऱ्याची अवलाद

मोहफुलांचा वास किती गोड! पण त्या पहाटे त्यात रॉकेलचा वास मिसळला होता. माझ्या बायकोनं, सुमननं, कुत्र्याचा कान उलटा धरला होता आणि मी रॉकेलचा बोळा लावून एकेक गोचीड ओढत होतो. वासराएवढं धूड ते, पण तिनं कान धरला की डोळे मिटून उभं राही. आम्ही दोघांनी मिळून केलेलं ते शेवटचं काम.

पोंभुर्ण्याकडचं काम आटोपून जाताना रस्त्याचा ठेकेदार तो कुत्रा आम्हाला देऊन गेला. म्हणाला, तिबेटच्या डोंगरातली जात. गावचे गुरुजी म्हणाले, त्याहून प्राचीन. हजारो वर्षांपूर्वीचे राजे सिंहाच्या शिकारीला नेत, दगडावर कोरलेली आहेत ती हीच कुत्री. गुरांचा डॉक्टर हसला. "भाऊ, साहेब लोकांनी चार जाती मिसळून काल-परवा बनवलेला हा. दगडावरचा कोण अन् हा कोण!"

मी चौथी शिकलेला. तिघांतलं खरं कोणतं, मला काय कळणार? पण माणूस खऱ्याकडे जातो तरी कुठं? त्याला जे आवडतं तिकडे जातो. मला दगडावरचा आवडला. त्याला घेऊन गावातून चाललो की माझीच छाती रुंद होई. सुमन म्हणे, "सिंहाचं सोडा जी, हा मांजरीले वाट देते!"

आमच्याकडे मोहफुलं वेचायला बाई एकटी जात नाही. वाकलेलं माणूस वाघाला जनावर वाटतं. म्हणून पाच-सहाजणी मिळून जातात आणि त्यांतली एक वेचतच नाही. उभी राहून मोठमोठ्यानं बोलत राखण करते, तिचा वाटा बाकीच्या देतात. त्या दिवशी बायांना उशीर झाला. टोपली घेऊन सुमन दारात उभी. फुलं गुरं खाऊन टाकतील, ही घाई मला, तिला नव्हे.

"बायाईले येऊ द्या," ती म्हणाली.

"काऊन थांबून राह्यली? सिंहाशी लढणाऱ्याची अवलाद हाये तुह्यासंगं!"

ती गेली.

ऊन चढायच्या आत कुत्रा एकटाच परत आला आणि खाटेखाली शिरला. अंगावर ओरखडा नाही. वाघानं तिला गाठलं, हे कुणी मला सांगावं लागलं नाही.

संध्याकाळी तिला माती देऊन आलो. सुमनचा भाऊ बाबाराव अंगणात उभा राहून ओरडला, "बहिणीले टाकून पळालं हे! सकाळी कुऱ्हाडच घालतो." सगळ्यांनी माना हलवल्या. मी गप्प. किती सोपं होतं गप्प राहणं! दोष घ्यायला एक मुकं जनावर होतं. त्यानं आपलं कूळ कधी सांगितलं होतं? ते सांगत फिरलो तो मी. घाबरलेला जीव घराकडे पळाला, यात नवल ते काय?

रात्र सरली. बाबाराव दोर आणि कुऱ्हाड घेऊन आला, मागे अर्धं गाव. मी खाटेपुढे आडवा उभा राहिलो. सगळ्या बायांना ऐकू जाईल असं बोललो, "सुमन थांबून होती, बाबाराव. मीच धाडलं तिले."