अधारीचं गोडं पाणी

बहरीनच्या नळाचं पाणी मचूळ. चहा करा, डाळ शिजवा, जिभेवर खारट चव राहायचीच. प्यायचं पाणी वेगळं विकत घ्यायचं. मी वसईची, घरामागे बावखल, म्हणजे गोड्या पाण्याचं तळं, असलेल्या वाडीतली. पाणी विकत घ्यायचं म्हटलं की माझं डोकंच फिरायचं. त्या बेटावर माझा जीव रमला तो एकाच जागी, अधारीला. खजुरीच्या बागांमधला मोठा झरा, त्याचं तळं. पाणी इतकं नितळ की तळाशी चालणारी कासवंही दिसायची. शुक्रवारी सुट्टी मिळाली की चपात्या आणि सुक्या जवळ्याची चटणी बांधून आम्ही तिथे हजर.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. मी सलमानियाच्या इस्पितळात मुलांच्या वॉर्डात नर्स, नवरा हॉटेलच्या किचनमध्ये. दोघांच्या शिफ्ट उलटसुलट. म्हणून लेकीला दीड वर्षाची असतानाच वसईला माझ्या आईकडे ठेवलं होतं. सगळेच ठेवतात, त्यात काय मोठंसं, असं मी लोकांना सांगायचे. ती सहा वर्षांची झाली तेव्हा मे महिन्याच्या सुट्टीत ओळखीच्या कुटुंबासोबत तिला बोलावून घेतलं. मनात एकच होतं, या सुट्टीत पोर माझी झाली पाहिजे.

कसली होतेय! माझ्या आईलाच ती आई म्हणायची आणि मला काहीच नाही. हाकच मारायची नाही. काही हवं असलं की समोर येऊन गुपचूप उभी राहायची, परक्याच्या घरी राहावं तशी. बाब अल बहरीनच्या बाजारातून मोठी बाहुली आणली. "थँक्यू," म्हणाली आणि खोक्यातच ठेवून दिली. "आईकडे नेणार," म्हणे. मी स्वयंपाकघरात जाऊन भांडी आपटली.

एका शुक्रवारी तिला अधारीला नेलं. बरोबर आमच्या वॉर्डातली म्हातारी बहरीनी आया होती. तिचं हिंदी मोडकं, पण गप्पांना तोटा नाही. तिचे वडील मोत्यांच्या होड्यांवर पाणबुडे होते, उन्हाळाभर समुद्रातच. ती सांगायची, भर समुद्राच्या तळाशीसुद्धा असे गोड्या पाण्याचे झरे आहेत. पाणबुडे चामड्याची पिशवी घेऊन बुडी मारत आणि प्यायचं पाणी भरून आणत. माणसं परतायला उशीर झाला की किनाऱ्यावरच्या बायका पेटती झावळी समुद्रात बुडवून त्याला चटके देत. पुरे झालं, आमची माणसं परत दे, म्हणून दम भरत. मला त्या बायका फार आवडल्या. मी असते तर वर चार शिव्याही हासडल्या असत्या.

तळ्यातून एक पाट बाहेर वाहत होता. "हे पाणी कुठे जातं?" लेकीने विचारलं. मी तिचा प्रश्न म्हातारीला सांगितला.

म्हातारी हसली. "दूर के बाग में. हम लोग बोलता, अधारी दूरवाले को पिलाता, पासवाला प्यासा."

आपण दिव्याखाली अंधार म्हणतो, तेच. ती बिचारी सहज बोलली, पण मला झोंबलं. लोकांची पोरं सांभाळण्यात माझा दिवस जात होता आणि माझी मला ओळखत नव्हती. "खलास! पुरे तुझ्या म्हणी," मी तिच्यावर खेकसले.

तेवढ्यात धप्पकन आवाज झाला. वळून बघते तर लेक पाण्यात! अगं बाई गं! मी अंगावरच्या मॅक्सीसकट उडी टाकली. जवळ जाऊन बघते तर ही आगाऊ कार्टी मजेत हातपाय मारतेय. उलट मलाच विचारते, "तुम्हाला पोहता येतं?"

"न यायला काय झालं? आपल्या बावखलात शिकले मी. कमरेला सुके नारळ बांधून."

"पडवीत खुंटीला टांगलेत ते? ते तर माझे आहेत!"

"आधी माझे होते. आईनेच बांधले होते."

ती काठाला धरून थांबली. कपाळाला ही आठी. "म्हणजे तुम्ही आईची मुलगी?"

"हो."

"आणि तुम्ही पण आईला सोडून राहता? रडू येतं?"

रडू तर तेव्हाच येत होतं. दोघी चिंब भिजलो होतो म्हणून निभावलं. तिने ओल्या हाताने माझा गाल पुसला.

"मग चला ना," ती म्हणाली. "दोघी आईकडे जाऊ."

सुट्टी संपल्यावर ती एकटीच गेली. मी त्याच आठवड्यात नवऱ्याला सांगितलं, कॉन्ट्रॅक्ट संपलं की मी परत जाणार. "वेड लागलंय? लोक व्हिसासाठी देव पाण्यात घालून बसतात," तो म्हणाला. "बसू देत," मी म्हटलं. आमचं बरेच दिवस वाजलं. शेवटी तोच म्हणाला, "जा तू. मी सुट्टीत येत जाईन." पुढची कितीतरी वर्षं त्याने तिथे एकट्याने काढली, ते मी कधी विसरले नाही. निघताना म्हातारी खजुरांची पिशवी घेऊन आली. "यल्ला, जाओ," म्हणाली. "दरिया को मैं देखती."

ऐंशीच्या दशकात अधारीचं पाणी आटत चाललंय, असं नवऱ्याने एकदा सुट्टीवर आल्यावर सांगितलं. मला त्या दिवशी जेवण गेलं नाही. ते तळं मला अजून तसंच भरलेलं दिसतं.

तेव्हा कॉन्ट्रॅक्ट संपवून मी वसईला पोचले ती न कळवताच. लेक बावखलाच्या पायरीवर बसली होती, कमरेला नारळ. मला पाहून ताडकन उठली. मी बॅग टाकून हात पसरले, पण ती माझ्याकडे आलीच नाही. वळली आणि नारळ खडखडवत घराकडे धावत सुटली, सगळ्या वाडीला ऐकू जाईल अशी ओरडत:

"आई, अगं आई, लवकर ये! तुझी मुलगी आली!"