मध्यवस्ती कुठे संपते

मीटिंग रूमच्या पडद्यावर मी तयार केलेला पुण्याचा नकाशा लावला होता आणि त्याच्या मधोमध भोक होते.

"मॅडम, हे डाऊनटाऊन आहे की मेदूवडा?" रोहनने विचारले. रोहन माझा बॉस. वयाने माझ्या भाच्याएवढा. सगळे हसले. मीही हसले, कारण दुसरे काय करावे ते सुचले नाही.

भूगोलात एम. ए. केल्यावर माझी बरीच वर्षे घरात गेली. पन्नाशी जवळ आल्यावर संगणकावर नकाशे करण्याचा कोर्स केला आणि खराडीतल्या एका सल्लागार कंपनीत प्रोबेशनवर लागले. हे माझे पहिले स्वतंत्र काम. एका खासगी ऑपरेटरला शहराच्या मध्यवस्तीत छोट्या इलेक्ट्रिक बस चालवायच्या होत्या. 'डाऊनटाऊन शटल' हे नाव ठरले होते. पुण्याचे डाऊनटाऊन म्हणजे नेमका कोणता भाग, एवढेच ठरायचे राहिले होते. असा भाग आम्ही नकाशावर एका बंद आकृतीने दाखवतो. तिला पॉलिगॉन म्हणतात. जो परिसर पॉलिगॉनच्या आत येईल त्याला थांबे मिळणार होते.

पहिला पॉलिगॉन मी कॅबच्या नोंदींवरून काढला: प्रवासी कुठे उतरतात तिथे गर्दी, असा हिशेब. परंतु पेठांच्या बोळांत कॅब शिरत नाहीत. ड्रायव्हर कडेलाच उतरवून देतात. त्यामुळे कडेला गर्दी दिसली आणि मधल्या पेठा ओसाड.

"मग लोकांनाच विचारा," रोहन म्हणाला.

मी नदी आणि मुख्य रस्ते एवढेच छापलेला कोरा नकाशा तयार केला. तो समोर ठेवायचा, पेन्सिल द्यायची आणि सांगायचे, 'तुमच्या मते शहराची मध्यवस्ती जेवढी, तेवढा भाग रंगवा.' कशासाठी, ते सांगायचे नाही. सर्वेक्षणातला हा जुना नियम आहे. हेतू कळला की माणूस सोयीचे उत्तर देतो.

अनोळखी माणसांशी बोलणे मला कधीच सोपे गेले नाही, तरीही गेले. वारज्यातल्या एका आजोबांनी डेक्कनपासून लक्ष्मी रस्त्यापर्यंत रंगवून पेन्सिल ठेवली. "त्याच्यापुढे?" मी विचारले. "त्याच्यापुढे पार्किंग मिळत नाही," ते म्हणाले. खराडीतल्या एका मुलीने फक्त कॅम्प रंगवला. "बाकीचं ओल्ड पुणे ना? तिकडे आम्ही जात नाही, काकू." बिबवेवाडीतल्या एका गॅरेजवाल्याने नाना पेठ वगळली. मला राहवले नाही. "अहो, सुटे भाग आणायला आपण दर आठवड्याला तिथे जाता, असं आत्ताच म्हणालात."

"जातो की. ते सामान आणायला. मध्यवस्ती वेगळी."

भवानी पेठेत मला गायकवाड सर भेटले. शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेले. अर्धांगवायूनंतर त्यांच्या पत्नीला व्यायामोपचारासाठी डेक्कनच्या बाजूच्या रुग्णालयात न्यावे लागे. "रिक्षावाल्यांना जवळचं भाडं नको असतं," ते म्हणाले. "बसची पायरी हिला चढवत नाही. आता जाणं जवळजवळ सुटलंच. घरातच भिंत धरून चालते." आतून त्यांच्या पत्नी म्हणाल्या, "आणि हे मागून सूचना देत चालतात."

शटलला पायरी नव्हती. तिचा तळ रस्त्यालगत होता. हे मला ठाऊक होते आणि सांगता येत नव्हते.

सरांनी शिक्षकाला शोभेल असे नीटस रंगवले. लक्ष्मी रस्त्याचा भाग नागझरीच्या ओढ्यापर्यंत. मग जागा सोडून पलीकडे कॅम्प. मधल्या पांढऱ्या जागेत त्यांचे स्वतःचे घर होते.

"सर, हा भाग?"

"ही भवानी पेठ, मॅडम. मध्यवस्तीत जायचं म्हणजे आम्हीही नागझरी ओलांडूनच जातो."

सगळे नकाशे एकावर एक ठेवल्यावर तेच चित्र उमटले. पश्चिमेला एक गडद डाग, पूर्वेला कॅम्पचा दुसरा. मध्ये भवानी, नाना, गंज या पेठा कोऱ्या. शहरातली अत्यंत दाट वस्ती माझ्या नकाशावर मोकळे मैदान दिसत होती.

अखेरच्या मीटिंगला ऑपरेटरतर्फे जाधवसाहेब आले. मी आयुष्यात प्रथमच कुणी विचारले नसताना बोलले. म्हटले, "हा भाग दोन्ही डागांच्या मध्ये आहे. सगळं पुणं इथे सुटे भाग आणि लाकूड घ्यायला येतं. तो मध्यवस्तीबाहेर कसा धरायचा?"

"मॅडम, तुमचं पटतं," जाधवसाहेब शांतपणे म्हणाले. "पण रेषा मी काढलेली नाही. लोकांनी काढली. तिथल्या लोकांनीसुद्धा."

"त्यांना बसचं सांगितलं नव्हतं."

"सांगितलं असतं तर शहराच्या टोकाचं कात्रजसुद्धा डाऊनटाऊन झालं असतं."

ते खरे होते.

"निदान एक थांबा द्या. एका डागातून दुसऱ्यात जाताना बस तिथूनच जाणार आहे."

"एक दिला की चार मागतात. फेरीचा वेळ बिघडतो."

सर्वांनी सहानुभूतीने माना हलवल्या आणि पुढचा विषय निघाला. जिन्यात रोहन म्हणाला, "रिपोर्ट उत्तम झालाय, मॅडम. आता सोडून द्या." त्या रिपोर्टवरच मला नोकरीत कायम केले गेले.

बस सुरू झाल्यावर मी गायकवाड सरांकडे गेले. ते रस्त्याकडेच्या ओट्यावर बसले होते.

"या. तुमच्या खराडीकडची माणसं बसतात त्या नव्या गाडीत," ते म्हणाले. "इथे थांबत नाही. आपण हात केला तर ड्रायव्हरही हात करतो."

मी सगळे सांगितले. कोरा नकाशा कशासाठी होता, तेही. घरातून या वेळी आवाज आला नाही.

"ताई कशा आहेत?" मी आत पाहत विचारले.

"आता उठत नाही." मग म्हणाले, "मी रंगवलं ते बरोबर होतं का?"

"हो, सर. बहुतेकांसारखंच."

"मग पैकीच्या पैकी."

कंपनीत नवीन येणाऱ्यांना सर्वेक्षण हल्ली मीच शिकवते. हेतू सांगू नका, म्हणजे उत्तर प्रामाणिक मिळते, असे सांगते. ते तसे मिळतेही.